वाघवाल्यांची जर्मन रायफल

केशवराव वाघवाले आपल्या पायानं माझ्या दुकानात येणार, हे मले माहीत होतं. निवडणूक लागली की परवान्याची बंदूक ठाण्यात नाही तर दुकानात जमा करावीच लागते. ठाण्यात त्या साली जागा उरली नव्हती अन् बडनेऱ्यात बंदुकीचं दुकान एकच, आमचं. जाते कुठं?

माझे अब्बा, नासिर मिस्त्री, वारले तवापासून दुकान मीच चालवत होती. रांगेत सगळे शेतवाले. कपाशी अळीनं खाल्लेली, उरलेल्या तुरीवर रोही, म्हणजे नीलगाई, अन् डुकरं तुटून पडलेली, म्हणून त्या दिवसांत गावोगाव बंदुका झाल्या होत्या.

केशवरावांच्या रायफलीची गोष्ट वेगळी. दस्त्यावर चांदीची पट्टी, ‘सेमाडोहचा वाघ, १९१९’. वाघ म्हणे त्यांच्या आजानं ह्याच रायफलीनं मारलेला. दरसाल दसऱ्याले तिले हळद-कुंकू अन् मंडपात त्याच वाघाचं भाषण. पुजेच्या हत्याराचं लाकूड काढायचं नाही, तेल वरूनच लावायचं, हा त्या घरचा नेम. म्हणून नळीच्या खाली काय आहे हे तीन पिढ्यांत कोणी पाहिलंच नव्हतं.

पाहिलं अब्बानं, गंज काढायले रायफल आली अन् त्यानं लाकूड उतरवलं तवा. जर्मनीत प्रत्येक नळी जास्तीची दारू भरून तपासत. फुटली नाही तर खालून मुकुटाचे शिक्के ठोकत, अन् बाजूले महिना-साल. ह्या नळीवर होतं ३ २४, म्हणजे मार्च १९२४. वाघ मेल्यावर पाच वर्षांनी बनलेली रायफल! अब्बा भोळा माणूस. त्यानं केशवरावांले बाजूले घेऊन हळूच सांगितलं. दुसऱ्या दिवशी हा माणूस भर चौकात ओरडला, की नासिरनं आमची नळी चोरून दुसरी बसवली.

चौकशीत काही निघालं नाही, कारण रायफल यांनी कोणाले खोलूच देल्ली नाही. पण चोर हे नाव चिकटलं ते चिकटलंच. अब्बानं पाना-पेचकस ठेवला तो पुन्हा उचलला नाही, अन् त्यातच गेला. अम्मीले पाहून लग्नात बाया कुजबुजायच्या, तिनं जाणंच सोडलं. मी मात्र टपून बसली होती. खोटं कायले बोलू?

केशवरावांनी रायफल ठेवली, मी पेचकस घेतला. ते भडकले, पुजेचं हत्यार आहे म्हणाले. मी म्हटलं, आज इथं सगळ्यांच्याच बंदुका खोलून नंबर पाहून राहिली. सकाळपासून खोलत होती, फक्त ह्या एकासाठी. मागून रांगेतले नत्थुजीही बोलले, आमची खोलली, तुमची कावून नाही? केशवरावांनी रायफलीवरचा हात काढला.

लाकूड निघालं. मी नत्थुजीलेच वाचायले लावलं. परवान्यावरचा नंबर, बॉडीवरचा, नळीखालचा, तिन्ही एकच. मग शिक्का अन् साल वाचायले लावलं; ३ २४ म्हणजे काय, हे रांगेत अजून कोणाले उमगलं नव्हतं.

केशवराव माझ्या कानाशी आले. नासिरचा दोष नव्हता हे मानतो, पण ते साल झाक, म्हणाले. मी आवाज चढवला.

“दोनातलं एक बोला, केशवराव. नळी तुमचीच, तर माझा बाप चोर नव्हता अन् १९२४ साली बनलेल्या ह्या रायफलीनं १९१९ चा वाघही मेला नव्हता. नळी दुसरी, तर नंबर कसा जुळला ते ह्या लोकांले समजावून सांगा.”

मानेवरचा घाम त्यांनी दोनदा पुसला.

“नळी आमचीच आहे,” ते म्हणाले. “मिस्त्रीनं बदलली नाही.”

मंग वाघ काय हसून मेला, असं मागून कोणीतरी विचारलं अन् सारी रांग खिदळली. माझं काळीज असं थंड झालं म्हणून सांगू! पण तेवढ्यानं माझं भागणार नव्हतं. मी आतून अम्मीले हाक मारली अन् त्यांले तिच्यासमोर पुन्हा बोलायले लावलं. ते बोलले. वर हातही जोडले, भाभी, माफ करा म्हणून.

अम्मीनं कणकेचे हात ओढणीले पुसले.

“चौकात ओरडले होते ना तुमी? चौकात जाऊन बोला. मंगही माफ नाही करणार.”

अन् ती आत पोळ्या लाटायले गेली.

केशवराव पावतीसाठी माझ्याकडं वळले. मी पावती त्यांच्या हातात देल्ली अन् रांगेले म्हटलं, बाजूले व्हा, यांले चौकात जायचं आहे. रांग बाजूले झाली, अन् मग सगळी त्यांच्या मागं निघाली.