हैबतीची पाठ आणि गढीचा अडसर

मी गढीचा अडसर बोलतोय. अडसर म्हणजे मोठा दरवाजा लावला की आतून आडवा सरकवायचा सोट. आठ हात लांब, किनवटच्या रानातला साग. लाकडाला घाई नसते, म्हणून इतकी वर्षं गप्प राहिलो. पण परवा जे झालं, त्यानंतर गप्प बसवत नाही.

अहमदपूरच्या अलीकडं, माळाच्या कडेला ही देशमुखांची गढी. सात पिढ्या पाहिल्या मी. सगळेच वाईट होते असं नाही, खोटं कशाला बोलू? दुष्काळात पेवं उघडून गावाला ज्वारी वाटली, तीही ह्याच घराण्यानं.

दरवाजाच्या बाहेर वेसकर बसायचा. त्याचं नाव हैबती. दिवस मावळला की आतला गडी मला सरकवायचा आणि बाहेरून हैबती कडी हलवून सांगायचा, "लागला, मालक." तीस वर्षं त्यानं माझा आवाज ऐकला, पण मला पाहिलं नव्हतं. त्याच्या जातीला उंबऱ्याच्या आत पाय टाकायची मुभा नव्हती.

मग रझाकारीचं साल आलं. रामकिशनराव देशमुखांनी पहाटेच गाड्या जुंपल्या आणि घरच्या माणसांना, गड्यांना घेऊन निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीकडं निघाले. जीव सगळ्यांनाच प्यारा, त्याचा मला राग नाही. जाताना हैबतीला म्हणाले, "दरवाजा सांभाळ." ज्याला आत यायची बंदी, त्याच्यावर आतून लावायचा दरवाजा सोपवून गेले. हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

दुपारी वाटेवर घोड्यांची धूळ दिसली. गावच्या बायका-लेकरं पळत गढीत शिरली. हैबती उंबऱ्यापाशी थबकला. आतून एक म्हातारी म्हणाली, "आरं, बघतूस काय? ये आत अन् लाव."

तेव्हा तो आत आला. कडेवर सहा वर्षांची लेक होती, धुरपता. तिला खाली ठेवलं, मला सरकवलं आणि मलाच पाठ लावून बसला. दीड दिवस बाहेरून धडका बसल्या. एकेक धडक माझ्यातून त्याच्या अंगात जायची. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं, तो आवाज मी ऐकलाय. तो उठला नाही. शेवटी ते लोक कंटाळून दुसऱ्या गावाकडं वळले.

महिन्यानं देशमुख परतले. हैबती आत आला होता हे कळल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं? मला धुतलं. आधी गोमूत्रानं, मग आडाच्या पाण्यानं, घागरीवर घागरी. मोडका खांदा धरून हैबती बाहेरून बघत होता.

"धुवा की, मालक," तो म्हणाला. "पन लई वतू नगा. लाकूड फुगतंय."

फुगलोच मी. भिंतीतल्या खोबणीत जाईना. सुतार मिळेपर्यंत दोन महिने दरवाजा नुसता लोटलेला राहिला, आणि त्याच्यापुढं राखणीला कोण बसलं? हैबतीच. मग सुतारानं मला बोटभर तासलं, तेव्हा कुठं बसलो.

तेही मी गिळलं.

आता रामकिशनरावांचे नातू हरिओमराव आहेत. लातूरला राहतात. गढी त्यांनी चांगली दुरुस्त केली. मला व्हार्निश पाजून दिवाणखान्यात टांगलं आणि वर पितळी पाटी लावली: 'ह्याच अडसराला पाठ लावून श्रीमंत रामकिशनरावांनी गाव वाचवले.' दसऱ्याला घराण्याचा इतिहास छापून येतोय, त्यातही हेच.

परवा धुरपताबाई आली. ऐंशी ओलांडलीय तिनं. संगतीला नातू सुगत, उमरीला मास्तर आहे. त्यानं तिला पाटी वाचून दाखवली.

"हरिओम," ती म्हणाली, "तुजा आज्जा तवा बार्शीला व्हता. हितं माजा बाप व्हता."

हरिओमराव हसले. "मावशी, खरं हाय तुमचं. खाली बारीक अक्षरात घालू की, 'हैबती यांचे सहकार्य लाभले' म्हणून."

"सहकार्य तुमच्या आजोबांचं, सर," सुगत म्हणाला. "वेळेवर गाड्या काढल्या, आत तेवढी जागा झाली."

हरिओमरावांच्या बायको वर्षाराणी घाईनं कपबशा घेऊन आल्या. "जाऊ द्या हो. जुनं कशाला उकरून राहिलात? चहा घ्या."

"चहा नगं, बाई," धुरपताबाई म्हणाली. "पुरं लिवा, न्हाई तर माज्या बापाचं नाव घालूच नका. लबाडीच्या पायापाशी त्यो बसनार न्हाई."

ती गेली. मी हरिओमरावांच्या तोंडाकडं बघत होतो. वाटलं, आता तरी. त्यांनी फोन काढला आणि छापखान्याला सांगितलं, "आहे तसंच जाऊ द्या."

देशमुखांनो, पेवातली ज्वारी लिहा, मी साक्षीला उभा राहतो. पण हैबतीची पाठ तुमच्या आजोबाला लावू नका. एकदा मला धुऊन त्याला पुसलंत. आता छापून पुसताय.

बाबांनो, मला हात नाहीत. रविवारी गढी बघायला खुली असते. पाटी चारच स्क्रूंवर आहे. येताना पेचकस घेऊन या.