खाली आलेली रेघ

तिने नळी यंत्रातून काढली, उजेडाकडे धरून पाहिली आणि पुन्हा आत ठेवली.

"मॅडम, तिसरी वेळ," टेक्निशियन म्हणाला. "आता यंत्रच विचारेल, विश्वास नाही का म्हणून."

"मग त्या दुसऱ्यावर लावा."

"तेच येणार."

"येऊ दे. लावा."

प्रयोगशाळेत तो तिच्याही आधीपासून होता आणि एवढं बोलायचा हक्क त्याने कमावला होता. त्याने नळी उचलली. थोड्या वेळाने दुसऱ्या यंत्रानेही तोच आकडा दाखवला. तो हातमोजे काढून चहाला निघून गेला.

रक्त तिच्या धाकट्या बहिणीचं होतं. घरात सगळे तिला अजून बारकी म्हणत. बारकी बाहेरच्या बाकावर बसून भिंतीवरच्या सूचना पुन्हा पुन्हा वाचत होती. सकाळी रक्त देताना तिने ताईच्या कानाशी तोंड नेऊन दिवस राहिल्याची बातमी सांगितली होती आणि ताईच्या हातातली सुई क्षणभर थबकली होती. दीड वर्षापूर्वी अशीच बातमी आली होती. महिना उलटायच्या आत ती गेलीही होती.

गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुस्तावली की मेंदू तिला जोरजोरात हाका मारू लागतो. त्या हाकांचं मोजमाप म्हणजे टीएसएच, आणि ग्रंथी प्रत्यक्षात जे बनवते ते टी-फोर. हाका वाढलेल्या, पण टी-फोर अजून पुरेसं, अशा मधल्याच अवस्थेत सापडलेल्या बायकांचं पुढे काय होईल हे आधी सांगता येतं का, या एका प्रश्नामागे ताईची उमेदीची वर्षं गेली होती. काहींची ग्रंथी हळूहळू पुरती थकते. पुष्कळ जणींचं मात्र आपोआप ताळ्यावर येतं. कोण कुठल्या वाटेने जाईल, याचा तिचा अंदाज सहसा चुकत नसे. डॉक्टर मंडळी आपल्या रुग्णांना मुद्दाम तिच्याकडे पाठवत.

ते मूल पोटातच गेल्यानंतर बारकीचं टीएसएच थोडं वाढलेलं निघालं होतं. ग्रंथीवर हल्ला करणारे प्रतिपिंड रक्तात नव्हते, टी-फोर भरपूर होतं. ताईने सगळं दोनदा तपासलं आणि सांगितलं, "गोळीची गरज नाही. आपोआप खाली येईल. वाट पाहू."

आणि ते आलं होतं. तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर तो आलेख लावलेला होता. नाव नाही, तारखा नाहीत, नुसती एक रेघ. वरून निघून, मध्ये जराशी अडखळून, मग शहाण्यासारखी खाली उतरत गेलेली. घाबरून आलेल्या बायकांना ती तो दाखवायची. माझ्या सख्ख्या बहिणीचा आहे, म्हणायची. बायकांचे खांदे तेवढ्यानेच सैल व्हायचे.

आजही टीएसएच छान होतं. आकडा दिसताक्षणी तिने बहिणीच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून टाकला होता: सगळं उत्तम आहे, काही सुरू करू नका. टी-फोरचा आकडा त्यानंतर आला. तो मर्यादेच्या वर होता.

सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भामुळेही टी-फोर चढतं. पण मग टीएसएच दबायला हवं होतं, आणि ते जागचं हललं नव्हतं. यंत्र बिघडलं असावं, तर दोन्ही यंत्रं एकाच बाजूला कशी बिघडतील? तिने खुर्ची ओढली, पण बसली नाही. असं रक्त तिच्या ओळखीचं होतं. दरवर्षी प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलींना ती पहिल्याच आठवड्यात सांगायची: थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांना बजावा, आधी रक्त, मग गोळी. नाहीतर गोळीतलंच टी-फोर रक्तात उतरून आकडा उगाच चढलेला दिसतो, टीएसएच मात्र तेवढ्यात हलत नाही.

तिने दार उघडलं.

"बारके, आत ये."

बारकी पर्स सावरत आली. "काय गं? असं तोंड का केलंयस? नीट आहे ना सगळं?"

"नीट आहे. केसांसाठी वगैरे काही घेतेस का? कधी कधी त्याने यंत्र फसतं."

"केस राहिलेत कुठे गोळ्या घालायला!" ती हसली.

"मग सकाळी काय घेतलंस?"

बारकीचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यातलं हसणं गेलं. तिने मागे हात नेऊन दार लोटलं.

"कळलं होय."

"कधीपासून?"

"तू वाट पाहू म्हणालीस ना, त्याच आठवड्यापासून. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले."

ताईने टेबलाची कड धरली. "आणि दर वेळी इथे रक्त देताना?"

"त्या दिवशी घरी गेल्यावर घ्यायची. तूच सांगतेस सगळ्यांना. आज नाही धीर झाला. म्हटलं, तेवढ्या वेळात त्याला काही झालं तर." तिचा हात पोटाकडे निघाला आणि मध्येच पर्सच्या पट्ट्यावर थांबला.

"मला सांगावंसं नाही वाटलं तुला?"

"अगं, सांगणारच होते. पहिल्यांदा आकडा उतरला, त्या दिवशी ठरवूनच आले होते. तर तू सगळ्यांना गोळा केलंस. बघा, म्हटलं होतं की नाही! नाचायचीच काय ती बाकी होतीस. बाबा गेल्यापासून तुला एवढी खूश पाहिलीच नव्हती गं. म्हटलं, राहू दे आज. पुढच्या वेळी सांगू."

"आणि पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी ते तिथे लागलं होतं." बारकीने भिंतीकडे हनुवटी केली.

ताईने तिकडे पाहिलं. रेघेवरचा प्रत्येक ठिपका तिने स्वतः मोजला होता. त्यातला एकही खोटा नव्हता.

"तुझं चुकलंच असं नाही म्हणत मी," बारकी म्हणाली. "आपोआपही आलं असतं कदाचित."

"कदाचित."

ही रेघ गोळीशिवाय कुठे गेली असती, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. तिलाही नाही.

"रागावलीस?"

ताईने फोन उचलला, डॉक्टरीणबाईंचा नंबर लावला. "मघाशी मी चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "तिची गोळी चालू आहे. हो, बऱ्याच दिवसांपासून. नाही, मला माहीत नव्हतं." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. फोन ठेवून बारकीला म्हणाली, "थांबवायची नाही. बहुतेक वाढवावीच लागेल. उद्या जाऊन भेट त्यांना."

बारकीचे डोळे भरून आले. "ओरड तरी ना एकदा."

दारावर टकटक झाली आणि टेक्निशियनचं डोकं आत आलं. दोघींकडे पाहून त्याने आवाज खाली घेतला.

"मॅडम, त्या ब्लाउज शिवणाऱ्या बाई आल्यात. मागच्या वेळचंच, वाढलेलं टीएसएच. डॉक्टर गोळीच्या मागे लागलेत, मूल हवंय ना त्यांना. पण ह्या ऐकेनात. म्हणतात, मॅडमच्या बहिणीचं नुसतं वाट पाहून उतरलं, मीही थांबते." तो जरा घुटमळला. "रक्त घेऊ?"

ताईने कोटाच्या खिशात हात घातला, बाहेर काढला.

"मी येते," ती म्हणाली.

"मी निघते मग," बारकी म्हणाली.

"नको. तूही चल."

"मी? मी काय सांगू त्यांना?"

"मला सांगितलंस तेच."

टेक्निशियनने दार धरून ठेवलं. बाकावरची बाई टेप गळ्यात तसाच ठेवून दुकानातून उठून आली होती. मॅडमना पाहून तिने हात जोडले. मग तिची नजर मागे गेली, एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर फिरली, आणि ओळख पटल्यासारखी ती खुलून हसली.

"ह्याच का त्या?" ती म्हणाली, आणि बारकीला जागा करून देत बाजूला सरकली.