लाल नाव, जुनी जागा

टेगन मलव्हेनीचं डोकं आधीच तापलेलं होतं, आणि क्रेग डेम्प्सीच्या शिट्टीने ते आणखी तापत होतं. खाली कुराबीन गाव पाण्यात बुडतंय आणि हा गृहस्थ शीळ वाजवत भिंतीवरच्या यादीच्या पडद्याचे फोटो काढतोय! बोलिंग क्लबच्या वरच्या मजल्यावर मदत कक्ष होता. कोणत्या घराकडे होडी आधी जावी, हे ठरवणारा प्रोग्रॅम क्रेगच्या कंपनीचा. तो लिहिला होता टेगनने. माणसं कमी पडली म्हणून आज ती फोनवरही बसली होती.

डग पॅस्को या म्हाताऱ्याचा पहिला फोन सकाळी आला होता. "अंगणात पाणी आलंय, एवढंच. आमचं काही नाही पोरी, दुसऱ्यांचं आधी बघ." तिने त्याला चाळीस नंबर दिला. एक म्हणजे सगळ्यात तातडीचा.

दुपारी तोच आवाज, पण बारीक झालेला. "वीज गेली गं. आमच्या हिचं, जॉयसचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलंय. पाणी पलंगाला लागलं."

टेगनने चाळीसचा एक केला. पडद्यावर नाव लालभडक झालं. "डग, आता तुम्ही पहिले. पुढची होडी तुमचीच."

पुढची होडी पबच्या गच्चीकडे गेली. तिथे तीन पोरं बिअरचे डबे घेऊन बसली होती. त्यापुढची गेली एका जोडप्याकडे आणि त्यांच्या कुत्र्याकडे. डगचं नाव लालच. टेगनने होडीवाल्यांशी बोलायचा वायरलेस उचलला.

"पॅस्कोंकडे कोण गेलंय?"

"पॅस्को? ते नाव आम्हाला आलंच नाही, बाई."

"आत्ताच्या आत्ता निघा! मिल लेन, निळं घर. प्रोग्रॅम काय सांगतो ते गेलं खड्ड्यात!"

मग तिने कोड उघडला आणि कुणाकडे आधी जायचं ती रांग लावणारा भाग गाठला.

या रांगेत सगळे ओळीने उभे नसतात. एकाच्या खाली दोघं, त्या दोघांच्या खाली आणखी दोघं-दोघं, अशी उतरंड असते; सगळ्यात वरच्याकडे होडी आधी. प्रत्येकाने फक्त आपल्या वरच्याशी नंबर ताडून पाहायचा. मधल्याच कुणाचा नंबर बदलला, तर तो कुठे बसलाय ते शोधून त्याला वर चढवावं लागतं. टेगनने प्रत्येकाची जागा लक्षात ठेवणारा भाग लिहिला होता. तो भाग गायब होता. आता नंबर बदलत होता, नाव लाल होत होतं, आणि माणूस होता तिथेच तळाशी बसून राहत होता.

"क्रेग, जागा शोधायचा भाग कुणी काढला?"

"मी. तू रजेवर होतीस तेव्हा. केवढा पसारा होता तो! काढला तर सगळं हलकं झालं. चाचणीत एक चूक निघाली नाही, बघ ना."

"चाचणीतल्या माणसांनी एकदाच फोन केला होता रे, गाढवा! पुरात माणूस दोनदा फोन करतो. पाणी चढतं म्हणून करतो!"

"ओरडू नकोस. सोमवारी परत घालू."

"सोमवारी?" तिने त्याच्या हातातला फोन हिसकावून टेबलावर आपटला. कक्षातले सगळे वळून बघू लागले. बघू देत. तिने तिथेच बसून तो भाग परत घातला, आणि तळाशी दबून राहिलेली आणखी चार नावं भराभर वर आली.

संध्याकाळी ती पूरग्रस्तांना ठेवलेल्या शाळेच्या हॉलमध्ये गेली. डग खुर्चीवर बसला होता, अंगावर ओलं ब्लँकेट, हातात चहाचा मग. चहा त्याने प्यायलेला नव्हता. जॉयसला होडीत घेतलं तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

टेगन त्याच्यासमोर बसली. तिने आपलं नाव सांगितलं.

"फोनवरची तूच ना? आवाज ओळखला." त्याने तिच्या हातावर थोपटलं. "मनाला लावून घेऊ नकोस, पोरी. आमच्याहून वाईट हालतीत कुणीतरी असणार. त्यांच्याकडे आधी जायलाच हवं होतं. जॉयसही हेच म्हणत होती, शेवटपर्यंत."

टेगनच्या डोळ्यांपुढे ते बिअरचे डबे आले. क्रेगवरचा सगळा संताप पुन्हा उसळला. मान हलवून गप्प बसणं सोपं होतं. म्हाताऱ्याला तेवढाच आधार उरला होता. पण त्याच आधाराआड क्रेग सुखाने शीळ वाजवत राहिला असता.

"नाही, डग," ती म्हणाली. "तुमच्या आधी जावं असं कुणीच नव्हतं."