ओल्या गोणपाटाची पोर्ट

गाडी लावता लावता गिरीशने पुन्हा बजावलं, "फक्त एक घोट. जिभेवर ठेवायचा आणि गिळून टाकायचा. आपण कशासाठी घेतोय ते देवाला कळतं."

त्याच्या बायकोने, सुप्रभाने, पदर सारखा केला. तिचा नेम लग्नाआधीपासूनचा. रोज आंघोळ झाली की पूजा, नैवेद्य, आणि दारूला जन्मात शिवायचं नाही. पण इंग्लंडात, नॉटिंगहॅममधल्या आपल्या प्रॅक्टिसमध्ये डॉक्टर पद्माकर यंदा, म्हणजे सत्त्याऐंशीत, पार्टनर घेणार होते. ज्याच्या घरात नवराबायको बसून चार घोट घेत नाहीत तो माणूस इथल्या लोकांत काय मिसळणार, असं त्यांचं मत. गिरीश सहा वर्षं दुसऱ्यांच्या प्रॅक्टिसमध्ये बदली डॉक्टर म्हणून वणवण करत होता, हे तिने पाहिलं होतं. म्हणून शुक्रवारी ती हो म्हणून बसली, आणि तेव्हापासून तिला जेवण गेलं नव्हतं.

पद्माकररावांच्या घरी रविवारचं दुपारचं जेवण झालं. त्यांनी पोर्टचा, म्हणजे त्या गोड दाट वाइनचा, काचेचा डिकँटर असा हळूहळू आणला, की पालखीतल्या देवालाही कुणी एवढं जपलं नसेल. पाठोपाठ त्यांच्या पत्नीने, उल्काने, निळ्या बुरशीचं चीज आणून ठेवलं आणि स्वतःची खुर्ची जरा लांब ओढली.

"डावीकडे, गिरीश, डावीकडे द्यायचा. पोर्ट उजवीकडे फिरवत नाहीत," पद्माकरराव म्हणाले.

वडिलांच्या श्राद्धाला जानवं कुठल्या खांद्यावर घ्यायचं हे भटजींना तीन तीनदा विचारणारा हा माणूस. पोर्टच्या बाबतीत मात्र त्यांचं डावं-उजवं अगदी पक्कं होतं.

त्यांनी ग्लासात नाक खुपसलं आणि डोळे मिटले. "मनुका. अंजीर. आणि मागून थोडं जुनं चामडं."

"चामडं आहेच," गिरीश म्हणाला.

"मला तर आपलं खोकल्याचं औषध आठवतं," उल्का म्हणाली. पद्माकररावांनी नुसतं पाहिलं तशी ती चीज कापायला लागली.

चामडं कसं लागतं हे या दोघांना कधी कळलं, असा विचार करत सुप्रभाने ग्लास उचलला, आणि तिचा हात तोंडापर्यंत गेलाच नाही. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. मीठ बरोबर पडलं का, तूप खवट आहे का, खीर खाली लागली का, सगळं वासावर ओळखायचं. एकोणीस वर्षं ती ते करत आली होती.

"ही खराब झालीय," ती हळूच म्हणाली. "ओल्या गोणपाटासारखा वास येतोय."

पद्माकरराव मोठ्याने हसले. "वहिनी, वीस वर्षांची पोर्ट आहे ही. त्याला तळघराचा गंध म्हणतात."

"असेल. बूच आहे का हो?"

उल्का स्वयंपाकघरातून बूच घेऊन आली. येता येता तिने ते हुंगलं होतं. "अहो, गराजमध्ये पाणी शिरलं होतं ना, तेव्हाच्या त्या भिजलेल्या खोक्यांसारखाच वास आहे."

पद्माकररावांनी बूच हातातसुद्धा घेतलं नाही. "ही जीभ तयार व्हायला वर्षं लागतात, उल्का. पोळ्या लाटून होत नाही."

"सुप्रभा, घे ना," गिरीश पुटपुटला.

"घेते. शब्द दिलाय मी. पण आधी तुम्ही नीट वास घ्या आणि सांगा, मी हे तोंडाला लावू का?"

गिरीशने वास घेतला. नासलेल्या दुधाचं भांडं उघडल्यावर आक्रसतात तशा त्याच्या नाकपुड्या आक्रसल्या. सुप्रभाला ते दिसलं. मग त्याने समोर पाहिलं. पद्माकरराव त्याच्याकडेच बघत होते.

"अंजीर," गिरीश म्हणाला. "सुरेख अंजीर आहे. घे तू."

सुप्रभाने ग्लास त्याच्यापुढे सरकवला. "खरं बोलला असतात तर तुमच्यासाठी नेमही मोडला असता," ती नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाली. "या अंजिरासाठी नाही मोडणार. माझाही तुम्हीच घ्या."

गिरीशने स्वतःचा ग्लास संपवला. मग तिचाही उचलला आणि एरंडेल घ्यावं तसा डोळे मिटून एका दमात रिकामा केला.

"हा खरा पारखी," पद्माकरराव खुशीत म्हणाले आणि त्यांनी त्याला आणखी ओतली. "मला अगदी असाच पार्टनर हवा होता."

गिरीश हसला. ओठांवरचा ओलावा त्याने रुमालाने दोनदा पुसला आणि ग्लास पुन्हा हातात घेतला.

सुप्रभाने त्याच्यापुढे तळहात धरला. "किल्ली द्या. गाडी मी चालवते."