नुसता वास

लग्न झाल्यापासून ज्या माणसानं स्वतःचा चहाचा कप एकदाही विसळला नव्हता, तो माणूस दर रविवारी ओट्याशी उभा राहून बोटाएवढी काचेची नळी कोमट पाण्यानं धुतो, पुसतो, उजेडात धरून पाहतो आणि पुन्हा धुतो, हे बघून कुठल्या बायकोला संशय येणार नाही? सत्यशीलेला आला. तिच्या जागी देव असता तरी त्याला आला असता.

बजाजनगरातल्या त्या दोन खोल्यांत ओटा म्हणजे सत्यशीलेचं राज्य. तिथं नवऱ्यानं, भारतनं, आपलं दुकान मांडलेलं तिला मुळातच खपत नव्हतं. मेडिकलमधून आणलेलं ग्लिसरीन, शहागंजच्या बाजारातून आणलेल्या आंबा, वेलची, गुलाब, पुदिना अशा इसेन्सच्या कुप्या, कापसाची गुंडाळी, चिमटा आणि या सगळ्याच्या मधोमध ती पेनासारखी काळी वस्तू. बॅटरीवर चालणारी. तोंडात धरून ओढली की तिच्या काचेच्या नळीतला, कापसात मुरलेला रस आतल्या तारेनं तापायचा आणि वाफ निघायची, आंब्याची नाहीतर वेलचीची. भारतच्या कंपनीतल्या रामकिसननं ती कुठून तरी मिळवून दिली होती. रस मात्र भारत घरीच बनवायचा, बाहेरच्यावर त्याचा भरवसा नव्हता.

"ह्याच्यावर सरकारनं बंदी घातली हाय," सत्यशीला पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "टीव्हीवर सांगितलंय."

"गुटख्यावर बी हाय," भारत म्हणाला. "मिळायचा थांबला का?"

हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सगळं रामायण गुटख्याचंच होतं. भारतचा थोरला भाऊ बिभीषण लासूर स्टेशनला आडतीवर कामाला होता. जबड्याच्या कॅन्सरनं गेला. शेवटी शेवटी त्याचं तोंड उघडेना, तेव्हा नाकातल्या नळीतून दूध घालायला सत्यशीलाच उभी असायची. आणि त्याच भावाच्या दहाव्याहून परत येताना भारतनं गाडी टपरीपाशी थांबवून पुडी फोडली होती! पुढं त्यानं वेरूळला घृष्णेश्वरापुढं हात जोडून शपथ घेतली. आठवडा सरायच्या आत त्याच्या पायमोज्यात पुडी सापडली. मग लाइटच्या मीटरमागं सापडली. उन्हाळ्यात गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अजून परतीची वाट आहे. पण आता एक पुडीसुद्धा नको. पुन्हा सुरू केलंत तर मी काही करू शकणार नाही."

तेव्हा ही काळी वस्तू आली आणि गुटखा खरंच सुटला. तीन महिने झाले. भारत पुन्हा ठेचा खाऊ लागला, तोंडाची आग थांबली. आनंदच होता. पण दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि सत्यशीला तर पाणीही फुंकून पिण्याच्या वळणावर आली होती.

"ह्यात तंबाखूतलं काय नाय ना?" ती विचारायची.

"नाय गं. नुसता वास."

नुसत्या वासासाठी एवढी धुलाई? एकदा तिनं तेही विचारलं.

"आधीचा वास राहतो," भारत कापूस ओढून काढत म्हणाला. "आंब्यात पुदिना आला की तोंडाची चव जाती. पुदिना लई चिवट. नळी धुवून भागत नाय, कापूस बदलावा लागतो, आतली तार लाल करून जाळावी लागती. म्हणून हलका वास आधी घ्यायचा आन पुदिना शेवटी."

बोलताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. शिवाय कपाटावरच्या स्टीलच्या डब्यात एक तपकिरी बाटली होती, चिठ्ठी नसलेली. भारत तिच्यातले थेंब मोजून टाकायचा आणि झाकण घट्ट लावायचा. हे काय, तर म्हणे पातळ करायचं पाणी. पाण्याला कोण डब्यात घालून कपाटावर ठेवतं? गुटखा खाऊन आल्यावर वेलची चघळत घरात शिरणारा तो हाच माणूस. वासाचा मागमूस राहू देत नाही तो काहीतरी लपवतो, हे सत्यशीलेला अनुभवानं कळलेलं होतं. पाणी कुठंतरी मुरत होतं.

वस्तू फेकून दिली तर रामकिसन दुसरी आणून देईल. भांडण काढलं तर भारत शपथ घेईल, आणि त्याच्या शपथेला तिच्या लेखी फुटक्या कवडीची किंमत नव्हती. तेव्हा तिनं परीक्षाच घ्यायची ठरवली. तपकिरी बाटली सोडून बाकी सगळं घालायचं. नुसता वासच असेल तर भारतला काही कळणार नाही. आणि दुसरं काही असेल तर त्याचं अंगच बोंब मारून सांगेल. आपल्या या युक्तीवर सत्यशीला बेहद्द खूश झाली.

रविवारी भारत आठवड्याचा आंब्याचा रस एका बाटलीत करून, वस्तू भरून बाजारात गेला. तिनं कडी लावली. त्या बाटलीतला रस मोरीत ओतला, नळी रिकामी केली. आता खरी मेख होती ती धुण्यात. भारतची जीभ तिखट. त्यानं धुतलं असलं तरी मागच्या आठवड्याचा पुदिना चिवट, तो नव्या रसात जरा जरी वर आला तरी त्याला कुणाचा तरी हात लागल्याचं कळलं असतं. आणि कापसात जुना रस राहिला असता तर परीक्षेलाच अर्थ उरला नसता. तिनं नळी कोमट पाण्यानं धुतली, पुसली, नाकाशी धरली, पुन्हा धुतली. तार लाल होईपर्यंत तापवली. नवा कापूस वळून तारेच्या वेढ्यातून ओवला. दिवसभर ब्लाउज शिवणारीला ते अवघड नव्हतं. पहिल्यांदा घट्ट झाला, तिनं काढून पुन्हा घातला. मग ग्लिसरीन, थोडं पाणी आणि आंबा घालून बाटली आणि नळी दोन्ही भरली.

संध्याकाळी भारतनं पहिला झुरका घेतला तेव्हा ती लसूण सोलत होती. नखात लसणाची पाकळी आणि डोळ्यांचा कोपरा त्याच्याकडं.

"आज आंबा झकास लागायला," तो म्हणाला. "पुदिना नावाला नाय."

खरं तर तिला धडकी भरायला हवी होती. तिला अभिमानच वाटला.

सोमवारी रात्री तो डोकं दुखतं म्हणून लवकर आडवा झाला, पण कूस बदलत राहिला. मंगळवारी मीठ कमी म्हणून त्यानं ताट सरकवलं. बुधवारी तिच्या शिलाई मशीनच्या आवाजावर खेकसला, मग ती वस्तू तोंडातून काढेचना, वाफेवर वाफ सोडत खोलीभर येरझाऱ्या घालू लागला. प्रत्येक वेळी सत्यशीलेच्या मनात एकच शब्द उमटायचा: सापडला! चोर पकडल्याचा तो आनंद इतका गोड होता, की त्याखालची भीती तिला जाणवलीच नाही. विचारावं का आता? पण नको. त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल करायला हवं होतं. आणखी एक दिवस थांबू, असं तिनं ठरवलं. इथं ती चुकली.

गुरुवारी पहिली पाळी करून भारत आला तो घरात आलाच नाही. ती धुणं वाळत घालायला निघाली तर हा जिन्याच्या पायरीवर बसलेला, तोंडावर रुमाल.

"काय झालं?"

तिनं रुमाल ओढला आणि सुपारी, कात, चुना, तो ओळखीचा गोडसर उग्र दर्प तिच्या अंगावर आला.

"मला म्हाईत व्हतं!" ती किंचाळली. "तीन महिने मला उल्लू बनवलं तुमी!"

भारत रडायला लागला. बिभीषणच्या चितेपुढंसुद्धा न रडलेला माणूस.

"तीन महिने हात लावला नव्हता गं," तो म्हणाला. "रोज त्या टपरीपुढून जायचो, बघत बी नव्हतो. ह्या सोमवारपासून काय झालं, कळंना. डोकं फुटायलं, हात थरथर करायले. आज पाय थांबले. दोन पुड्या खाल्ल्या, सत्ये."

तिनं त्याला घरात आणलं, पाणी दिलं. पाणी पिऊन त्यानं बाकीचंही सांगितलं. "तुला खोटं बोललो. त्या तपकिरी बाटलीत निकोटिन व्हतं. तंबाखूतलंच. सांगितलं असतं तर तू फेकून दिलं असतं. पण दर रविवारी एक थेंब कमी करत आलो. चारच राहिले व्हते. म्हणून तर एवढं धूत व्हतो. मागच्या आठवड्याचं कडक कापसात राहिलं तर कमी केल्याचा काय उपयोग?"

सत्यशीलेनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"ह्या रविवारी बी एकच कमी केला," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा तिच्याकडं पाहू लागला. "एका थेंबानं एवढं व्हतं का गं?"

गप्प बसली असती तर जन्मात कुणाला कळलं नसतं. नळी लख्ख होती, कापूस नवा होता, मोरीत ओतलेला रस कधीच वाहून गेला होता. भारतनं सगळा दोष स्वतःच्या नशिबाला दिला असता आणि तिला जवळही घेतलं असतं. तिला तसं हवंसं वाटलं, क्षणभर फार हवंसं वाटलं.

"एक नाय," ती म्हणाली. "सगळेच. म्या काढले. तुमी बाजारात गेले तवा."

"चवीत नाय कळलं," भारत एवढंच म्हणाला.

"लई धुतलं व्हतं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, त्यानं मोरीपाशी जाऊन बराच वेळ चुळा भरल्या, तोंड धुतलं, आणि कपाटावरचा डबा काढून तिच्यापुढं ठेवला.

"उद्या डॉक्टरकडं जाऊ," सत्यशीला म्हणाली. "दोघं. माझं बी सांगू, तुमचं बी सांगू. काय म्हणतील ते ऐकून घेऊ."

"आन उद्यापर्यंत?" भारत म्हणाला. टपरी कोपऱ्यावरच होती. त्यानं दोन्ही हात पुढं केले. बोटं अजून थरथरत होती, त्यांच्यानं झाकणसुद्धा फिरलं नसतं. "तूच भर."

ज्या एका गोष्टीचा माग काढायला ती तीन महिने जिवाचा आटापिटा करत होती, तीच आता तिला स्वतःच्या हातानं नवऱ्यासाठी ओतायची होती. तिनं नळी उघडली. भारत समोर मांडी घालून बसला. तिनं ग्लिसरीन उचललं तर त्यानं बाटलीवरचं नाव वाचलं. तिनं आंब्याची कुपी उचलली तर त्यानं तिची बोटं पाहिली. तपकिरी बाटलीला हात घातल्यावर तो पुढं वाकला. त्याची नजर तिच्या हातावरून हलत नव्हती, आणि लग्न झाल्यापासून त्यानं तिच्याकडं असं कधीही पाहिलं नव्हतं.

"हा एक," ती मोठ्यानं म्हणाली, त्याला ऐकू जावं म्हणून. तिचे डोळे भरून आले होते, थेंब नीट दिसत नव्हता. तिनं पदरानं डोळे पुसले, बाटली त्याला दिसेल अशी उजेडाकडं धरली आणि पुढचा थेंब टाकला.