एका बाहीचं अंतर

आमच्या जेवणाच्या टेबलाची लांबी नोव्हेंबरात वाढायला लागली. नाताळापर्यंत अशी वेळ आली की इंदूला मीठ हवं असलं तर मला ते टेबलाच्या कडेकडेनं सायकलवरून न्यावं लागे. भाजी तोवर गार होई. पण अमेरिकेतल्या आयोवात इतके हिवाळे काढल्यावर गार भाजीचं दुःख माणूस करत नाही.

शेजारच्या मार्लिसला मी टेबल दाखवलं. मार्लिस सत्तरीची, याच गावात जन्मलेली, असल्या गोष्टींतली जाणकार. तिनं वाकून खालून पाहिलं.

"लाकडाचा दोष नाही," ती म्हणाली. "तुम्ही नवराबायको वेगवेगळ्या उमेदवारांचे आहात का?"

"पक्ष एकच आहे आमचा."

"मग बरोबर. पक्ष वेगळे असते तर नुसती भिंत आली असती."

अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायची सुरुवात त्या वर्षी आमच्या राज्यातून होती. त्यामुळे देशातली मोठमोठी माणसं बर्फ तुडवत आमच्या मक्याच्या गावात येत आणि आमच्या गुडघ्यांची चौकशी करत. सिनेटर लिंडक्विस्टनं माझ्या गुडघ्यांची चौकशी हार्डवेअरच्या दुकानात केली. डावा की उजवा, हेही विचारलं. मग हात हातात घेऊन म्हणाला, "येणार ना माझ्याबरोबर?" मी म्हणालो, "हो हो, नक्की." आमच्या मिरजेत दारात आलेल्या माणसाला आपण असंच म्हणतो आणि तो पाठमोरा झाला की विसरतो. संध्याकाळी माझ्या अंगणात त्याच्या नावाची पाटी उभी होती.

त्याच दुपारी गव्हर्नर व्हिटकॉम आमच्या घरी येऊन गेला होता. इंदूनं थालीपीठ लावलं. त्यानं खाल्लं, परत मागितलं, लोण्याचं कौतुक केलं. जाताना त्यानंही तेच विचारलं आणि इंदूनंही तेच सांगितलं. अंगणात दुसरी पाटी आली. दोघांच्या जाहीरनाम्यांत फरक म्हणाल तर एवढाच, की एक म्हणे बदल आत्ता हवा आणि दुसरा म्हणे ताबडतोब.

मी माझी पाटी उपटून टाकली. सकाळी ती परत जागेवर होती आणि तिला पांढरी मुळं फुटली होती.

टेबलाच्या त्या टोकाला बसून इंदू माझा स्वेटर विणत असे. सुया तिच्याकडे, लोकरीचा गुंडा माझ्या खिशात. तेवढा एक धागा सबंध टेबलावरून गेलेला.

"अहो, हात पुढे करा!" ती पलीकडून ओरडली. "बाहीचं माप घ्यायचंय."

मी हात पुढे केला. तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

"बरीच लांब विणावी लागणार."

"हात तेवढाच आहे गं माझा."

"हात तेवढाच आहे हो. तुम्ही लांब गेलात त्याचं काय?"

"मग मीच येतो तुझ्या गव्हर्नरकडे. संपलं."

"काही नको! शब्द दिलाय ना त्या सिनेटरला? उद्या लोक म्हणतील, ही माणसं अशीच."

"कोण लोक?"

"मार्लिस."

"आणि तू का येत नाहीस इकडे?"

"वा! आपल्या ताटात जेवून गेलेला माणूस तो. त्याला काय तोंड दाखवू?"

मी पुढे केलेला हात मागे घेतला. गार भाजी संपवली. पलंगाचं मी सांगत नाही. एवढंच सांगतो की तिचं घोरणं मला ऐकू येईनासं झालं. ते बंद व्हावं म्हणून मी लग्न झाल्यापासून देव पाण्यात घालून बसलो होतो. आता ते ऐकायला मी उशी टाकून जमिनीला कान लावून पडत असे.

नाताळानंतर मार्लिसचा नवरा ड्वेन गेला. म्हणजे वारला नाही. तो तिसऱ्याच एका उमेदवाराचा, एका काँग्रेसमनचा माणूस. तो काँग्रेसमन शर्यतीतून बाहेर पडला. ड्वेन त्यांच्या टेबलाच्या आपल्या टोकाला बसून टीव्हीवर त्याचं निरोपाचं भाषण ऐकत होता. भाषण संपलं आणि ड्वेनच्या बाजूची खोली चादरीच्या घडीसारखी मिटली. आत ड्वेन, खुर्ची आणि रिमोट. मार्लिसचं टेबल आता एकटीपुरतं, अगदी नेटकं झालं होतं. तिनं त्यावर फुलदाणी ठेवली होती.

"तू हाक नाही मारलीस त्याला?" मी विचारलं.

"मारली की. 'हनी, हनी' म्हणून. नावानं मारायला हवी होती. नियम तसा आहे. नावानं हाक मारली की माणूस अंतर ओलांडू शकतो. मला नंतर कळलं."

मी घरी येऊन विचार करत बसलो. इंदूनं माझं नाव आयुष्यात एकदाच घेतलं होतं, लग्नाच्या पंगतीत, सगळ्यांनी घास अडवून धरला तेव्हा.

*मिरजेच्या सतारीला तारा लागतात सात,
भालचंद्ररावांचं नाव घेते, सोडणार नाही हात.*

त्यानंतर मी कायम 'अहो'. रेल्वे स्टेशनवर अहो, दवाखान्यात अहो, विमानतळावर पासपोर्टच्या रांगेतसुद्धा अहो.

"इंदू!" मी तोंडाला हात लावून ओरडलो. "एकदा नाव घे बघू माझं!"

"अगंबाई! काय सुचतंय या वयात! शेजारी ऐकतील."

"शेजारी क्षितिजावर गेलेत!"

ती हसली. इतक्या लांबून हसू दिसलं नाही, पण धागा हलला. "वेळ आली की घेईन हो," ती म्हणाली. मग तिचा फोन वाजला. गव्हर्नरच्या प्रचाराचे फोन ती घरबसल्या करत असे. सकाळपासून अंधार पडेपर्यंत ती अनोळखी माणसांना एकच नाव सांगत राही. मला पलीकडून शब्द कळत नसत. नुसती त्या नावाची लय कळे.

उमेदवार निवडायची सभा शाळेच्या जिमखान्यात होती. आमच्याकडे या सभेत चिठ्ठी नाही, पेटी नाही. ज्याचा उमेदवार त्याच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांदेखत उभं राहायचं आणि डोकी मोजायची. आम्ही दोघं एकाच गाडीतून गेलो. इंदू मागच्या सीटवर बसली होती, पण आरशात ती फारच बारीक दिसत होती. दारात आमच्या गळ्यात नावाची कार्डं अडकवली. मी तिच्यामागोमाग तिच्या कोपऱ्याकडे चालायला लागलो. मी चाललो तेवढी फरशी पुढे वाढली. शेवटी मार्लिसनं मला बाहीला धरून सिनेटरच्या कोपऱ्यात आणलं. आमच्या कोपऱ्यात मायंदाळ गर्दी होती, केळ्याचा केक होता, कोणीतरी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. पलीकडे, दुसऱ्या बास्केटबॉलच्या जाळ्याखाली, इंदूची तांबडी शाल कुंकवाच्या ठिपक्याएवढी दिसत होती. खिशातून निघालेला धागा फरशीवरून त्या ठिपक्यापर्यंत गेला होता.

शाळेचे बँडमास्तर सभेचे अध्यक्ष होते. त्यांनी डोकी मोजली आणि कर्ण्यातून सांगितलं, "गव्हर्नरच्या कोपऱ्यात एक माणूस कमी आहे. तो आला नाही तर कोपरा मिटेल. त्यांना समोरच्या एका माणसाला नावानं बोलावता येईल. एकदाच. बोलावलेल्यानं गेलंच पाहिजे. न बोलावलेल्याला जाता येणार नाही."

"लेस बांध," मार्लिस मला म्हणाली.

मी बांधली. पलीकडे कोणीतरी इंदूच्या हातात माइक दिला. तिनं कोटावरून पदर सारखा केला. मला ते दिसलं नाही, पण ती तसंच करते. तिनं घसा खाकरला, आणि मला एकदम बरं वाटलं, कारण तिनं नवा उखाणा जुळवून आणला होता.

*मक्याच्या शेतामध्ये बर्फ साचलं ओळीत,*

मी पाऊल उचललं.

*गव्हर्नर व्हिटकॉमचं नाव घेते, मत घाला झोळीत.*

तिच्या कोपऱ्यानं टाळ्या वाजवल्या. ती लाजली असणार. आपण माझंच नाव घेतलं, असं तिला वाटत होतं. तिनं माझ्यासाठी शेजारी जागासुद्धा केली.

"त्या नावाचा माणूस सभागृहात नाही," बँडमास्तर म्हणाले. खरंच होतं. गव्हर्नर त्या वेळी विमानात होता, पुढच्या राज्यातल्या लोकांच्या गुडघ्यांकडे निघालेला.

"तिला पुन्हा विचारा," मी म्हणालो.

"एकदाच, असं सांगितलंय."

"अहो!" माइकमधून इंदूचा आवाज आला. "अहो, उभे काय राहिलात? या ना!"

"हे 'अहो' कोण?" बँडमास्तरांनी विचारलं.

"मीच."

त्यांनी माझ्या गळ्यातलं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "यावर तसं नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

आधी पलीकडचं जाळं मिटलं, मग घड्याळ, मग माणसांच्या रांगा, एकावर एक. आवाज झाला नाही. जिमखाना आमच्या माणसांना बरोबर पुरेल एवढाच उरला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आता तुझं टेबल नीट होईल," मार्लिस म्हणाली आणि तिनं मला केकचा तुकडा दिला.

तो घ्यायला मी खिशातून हात काढणार होतो. पण गुंडा हातात फिरत होता. धागा खिशातून उतरून फरशीवरून सरळ भिंतीकडे जात होता आणि भिंतीच्या बुडाशी, जिथे फट नव्हती, तिथे आत शिरत होता. एकसारखा नाही. थोडा ओढला जाई, थांबे, पुन्हा ओढला जाई. सुलट टाका, सुलट, उलट.

गुंडा लिंबाएवढा राहिला होता.