बळीरामचा पहिला नंबर

“इस बार टॉप टेन बळीराम भैया सुनाएँगे,” राजकुमार म्हणाला आणि माझ्या हातातला समोसा हातातच राहिला.

आमच्या रेडिओ श्रोता संघाची महिन्याची बैठक होती. राजकुमार आमचा सचिव. त्याने नाव वहीत लिहूनसुद्धा टाकलं. मी इकडेतिकडे पाहिलं, कुणीतरी हरकत घेईल म्हणून. कुणी घेतली नाही. सगळे चटणी कुठे आहे ते बघत होते.

“और हिरालाल भैया?” शेवटी एकाने विचारलं.

“उनका तो हर साल सुनते हैं.”

खरंच आहे. हिरालाल म्हणजे मी, आणि बावीस वर्षं मीच ऐकवत आलो होतो. वर्षातून एकदा आमचं संमेलन असतं. त्या दिवशी एक सभासद आजवरची सर्वांत श्रेष्ठ दहा गाणी लावतो, दहाव्यापासून पहिल्यापर्यंत, आणि प्रत्येक गाणं श्रेष्ठ का ते सांगतो. हे सांगायचा अधिकार कुणाचा, याबद्दल भिलाईत आजवर दुमत नव्हतं. पोस्टकार्डावर फर्माईश पाठवायच्या काळात रेडिओवर ‘भिलाई से हिरालाल’ इतक्या वेळा वाजलं आहे की स्टील प्लांटच्या गेटवर अनोळखी माणसं मला नावाने हाक मारायची. माझ्यामागून ‘और बळीराम’ असं यायचं, ते केवळ माझ्या कार्डावर जागा उरायची म्हणून.

गाण्यांची नावं मात्र मी इथे सांगणार नाही. आयुष्य घालवून केलेली यादी फुकटात कुणाला का द्यायची?

बळीराम माझ्याच गावाकडचा, आमगावजवळचा. एकाच वर्षी नोकरीला लागलो, हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहिलो. तेव्हा त्याला सारंगी आणि व्हायोलिन वेगळी असतात हेही माहीत नव्हतं. ट्रान्झिस्टर माझा, कान माझे. मी डोळे मिटायला सांगायचो, तो मिटायचा. मी म्हणायचो, “आता आइक, मागून कोण येऊन राहिलं ते,” आणि तो आपला गाईसारखा मान हलवायचा. पुढे तो टाइम ऑफिसात गेला. पस्तीस वर्षं पंख्याखाली बसून हजेरी मांडली. मी रेल मिलमध्ये, गरम आरीवर. लालभडक रूळ यायचा, आरी त्याला कापायची, आणि तेव्हा जी किंकाळी उठायची ती बाहेरच्या माणसाला सांगून कळायची नाही.

कानात घालायला बोळे मिळायचे. मी ते खिशात ठेवायचो. कारण पातं बोथट व्हायला लागलं की आरीचा सूर किंचित उतरतो, आणि तो फक्त मला कळायचा. “साहेब, ब्लेड बदला,” मी म्हणायचो. उघडून बघितलं की दाते झिजलेले असायचे. इंजिनियर पाहुण्यांना घेऊन येत आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगत, ‘ये कान से बताता है.’ तर असा मी. आणि माझ्या जागी टाइम ऑफिसचा बळीराम.

घरी येऊन मी रजिस्टर काढलं आणि बाजेवर बसलो. १९८५पासून दर पाडव्याला मी त्यात श्रेष्ठ दहा गाणी नव्याने लिहितो. नवं गाणं वर चढतं, जुनं खाली येतं. पहिल्या पानावर प्रत्येक गाण्यापुढे कारणही आहे. नंतरच्या पानांवर नुसते नंबर, कारण कारणं मला पाठच होती.

“काय करून राहिले?” माझी बायको शेवंता एकदम कानाशी बोलली आणि मी दचकलो. ही हल्ली मांजरीसारखी येते. पावलाचा आवाज नाही, काही नाही.

“आवाज देत जाय ना येतानी.”

“तीनदा दिला. चहा थंडा झाला.”

“हळू बोलतं तू. तोंडातल्या तोंडात.”

मी तिला बळीरामचं सांगितलं. तिला राग येईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “करू द्या ना भावजीले एखाद्या वर्षी. इतके वर्ष तुमची थैली धरून मांगं मांगं फिरले बिचारे.”

माझ्याच घरात त्याचा पक्ष. त्या रात्री मी जेवलो, पण चव लागली नाही.

संमेलन रविवारी दुपारी सेक्टर १०च्या हॉलमध्ये होतं. पन्नासेक माणसं आली, बरीचशी आमच्यासारखी मराठी. माझ्या वेळी कधी पस्तीसच्या वर गेली नव्हती. बळीरामने पांढरा सदरा घातला होता, नवा दिसत होता. मी पहिल्या रांगेत, कडेला बसलो. कडेला अशासाठी की उठता यावं.

दहावं गाणं ठीक. नववं माझ्या २०११च्या यादीतलं. आठव्याला मागच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझ्या गाण्यांना माना हलायच्या, पदर कधी डोळ्यांना लागला नव्हता. तो बोलायचाही काय? “हे गानं मले आवडते, कारण माह्या आईले आवडे,” एवढंच. हे काय कारण झालं? चाल नाही, ताल नाही, वाद्यमेळ नाही. आणि लोक टाळ्या वाजवत होते. मी खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट होत होता. सहावं आलं, चौथं आलं, आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, कुठेतरी चूक सापडू दे रे देवा.

मग तो म्हणाला, “आता पयला नंबर,” आणि त्याने ते गाणं लावलं.

मी ओळखलं. १९८५ला ते माझ्याही यादीत पहिलं होतं. मग तिसरं झालं, सातवं झालं आणि २००९ला मी ते काढून टाकलं. शेवटच्या मुखड्याआधी ते विस्कटतं. दुसरा अंतरा संपतो आणि दहा-बारा सेकंद काहीच वाजत नाही, जणू वादक चहा प्यायला गेलेत. तरुणपणी हे कसं लक्षात आलं नाही याचं मला नवल वाटायचं. वयाबरोबर कान पिकतात, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

गाणं संपलं. टाळ्या थांबायच्या आत मी उभा राहिलो.

“बळीराम, या गान्यात खड्डा आहे.”

“कसा?”

“दुसऱ्या अंतऱ्यानंतर. बारा सेकंद मुकं पडते गानं. काहीच नाई वाजत. असं अर्धवट गानं पयल्या नंबरावर कसं काय ठेवलं तू?” राजकुमारसाठी मी हिंदीतही सांगितलं, “गाने के बीच में गड्ढा है, भाई!”

हॉल गप्प झाला. मला वाटलं, पटलं. बळीराम माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने खाली ठेवलेल्या स्पीकरकडे बघितलं आणि माइक तोंडाशी नेला.

“बरोबर आहे. हे रेकॉर्डिंगच खराब आहे. मी सकाळीच पाह्यलं होतं, म्हनलं कोनाच्या ध्यानात नाई येनार. हिरालालचे कान आहेत ते. धरलंच त्यानं.”

राजकुमारने टाळी वाजवली. मग बाकीच्यांनीही वाजवल्या, जरा रेंगाळत. मी दोन्ही हात जोडले.

घरी मी जवळजवळ नाचतच गेलो. शेवंता तांदूळ निवडत होती. तिला सगळं साग्रसंगीत सांगितलं आणि खड्डा दाखवायला फोनवर ते गाणं लावलं.

“आता आइक. अंतरा संपला. हां. आता पाहाय, काहीच नाई. नाई ना काही?”

शेवंता सुपावरून माझ्याकडे बघत होती.

“पैंजण वाजून राहिले ना जी,” ती म्हणाली.

“कुठं?”

“गान्यात. कोनी बाई चालत चालत दूर जाते तसे.” तिने मुखडा परत येऊ दिला, मग फोन बंद केला. “असे,” म्हणून तिने पाय लांब केला आणि लुगड्याचा काठ वर ओढून घोटा हलवला.

चांदीचे पैंजण. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मीच आणलेले. बारीक बारीक घुंगरं थरथरताना मला स्पष्ट दिसत होती. आवाज नव्हता. तिने पुन्हा हलवला, जोरात. घुंगरं एकमेकांवर आपटत होती आणि माझ्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं.

“तू तं हे काढून ठेवले होते ना?”

“कवा काढले? चाळीस वर्षांत एक दिवस नाई काढले.”

मी रजिस्टरचं पहिलं पान उघडलं. माझंच अक्षर, तेव्हाचं, ताठ. ‘१. शेवटी सगळी वाद्यं थांबतात आणि नुसते पैंजण दूर जातात. तेवढा वेळ श्वास घेऊ नये.’

मग पुढची पानं बघितली. माझ्या यादीत वर चढलेली सगळी गाणी जाड आवाजाची, ढोलकीची, खर्जातली. ज्यांत झांज होती, सतारीची वरची तार होती, ती वर्षागणिक खाली खाली आली होती. गाणी कुठेच गेली नव्हती. आरीच माझे कान कापत होती आणि मी तिचा सूर सांगून शाबासकी घेत होतो.

शेवंता म्हणाली, “डाक्टरकडे जाऊ.” मी म्हटलं, जाऊ. पण मला तेव्हा डॉक्टर आठवत नव्हता, बळीराम आठवत होता. त्याला ऐकू आलं होतं. पन्नास माणसांना ऐकू आलं होतं. रेंगाळत वाजलेल्या त्या टाळ्या कसल्या होत्या ते आता कळलं आणि अंगाची आग झाली. गाण्याचं नाव तर आता मी मुळीच सांगणार नाही. तुम्ही ते लावाल आणि तुम्हाला ऐकू येईल.

सकाळी स्कूटर काढून वैशाली नगर गाठलं. बळीराम अंगणात तुळशीला पाणी घालत होता. मला बघून त्याने तांब्या खाली ठेवला.

“खोटं कावून बोलला काल?” मी गेटातूनच विचारलं.

“बस आंदी.”

“मले बसाले नको लावू. रेकॉर्डिंग खराब होतं?”

“नाई.”

“मंग?”

“लोकायपुढं काय सांगू गड्या? हिरालालले आयकू येत नाई म्हनू?”

मी बसलो. “तुले कवापासून माहीत आहे?”

“तू ते गानं यादीतून काढलं तवापासून. तू म्हनला, यात काही नाई. मी म्हनलं, हिरालाल असं म्हनू शकत नाई. त्यानंच तं मले हॉस्टेलात डोये मिटाले लावून ते पैंजण आइकवले होते.” त्याने हात सदऱ्याला पुसले. “तू सोडलं म्हनून मी ठेवलं. कोनीतरी पयल्या नंबरावर ठेवावं लागन ना त्याले.”

मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, हे कान माझे होते. मी शिकवलेले, मी घडवलेले, आणि हा पंख्याखाली बसून ते जपत राहिला. जन्मभरात मी कुणावर इतका जळलो नाही.

“लाव,” मी म्हणालो.

“काय?”

“गानं लाव. आन् ते पैंजण सुरू झाले का सांग मले.”

त्याने आतून स्पीकर आणला, दोघांच्या मधे ठेवला. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला. गायिकेचा आवाज, तबल्याचा डग्गा, सगळं येत होतं मला. दुसरा अंतरा संपला आणि सगळं थांबलं.

बळीरामने एक बोट वर केलं. डोळे मिटले.

मी मिटले नाहीत. मी त्याच्याकडे पाहत होतो. त्याच्या कपाळाच्या आठ्या सुटल्या, तोंड किंचित उघडलं आणि त्याने श्वास घेणं थांबवलं. ते मीच शिकवलं होतं. ती बाई दूर जाऊ लागली असावी, कारण बोट हळूहळू खाली यायला लागलं. खांद्यापर्यंत आलं, छातीपर्यंत आलं. मीही श्वास धरला.

बोट गुडघ्यावर टेकलं. मग मुखडा परत आला आणि तो मला ऐकू आला.